पुढचं दार उघडलं, मागच्या दाराचा हिशेब कोण घेणार?

दर वर्षी २० मार्चला आम्ही श्रीवर्धन तालुक्यातले कार्यकर्ते बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव करत महाडला जातो. चवदार तळ्याला वंदन करून परतताना रात्र होते आणि कुठल्यातरी धाब्यावर गाडी थांबते. पंचवीस-तीस माणसं, निळ्या टोप्या, हातात झेंडे. टेबलं जोडली जातात, तुम्ही कोण हे कुणी विचारत नाही, आणि पाण्याचे ग्लास सगळ्यात आधी समोर येतात. १९२७ साली याच जिल्ह्यात पाण्याच्या ओंजळीसाठी आपल्या माणसांची डोकी फुटली होती. ग्लास समोर आला की आमच्यातल्या जुन्या माणसांना आजही ते आठवतं.

यंदा जेवण झाल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने बडीशेपच्या वाटीखाली पन्नासची नोट ठेवली. चांगली गोष्ट केली असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. आमच्यासोबत वाडीतली एक ताई होती. ती धाब्याच्या मागच्या अंगाला बघत म्हणाली, "ती नोट तिथवर पोचणार नाय." मागे मोरीवर एक बाई आमचीच ताटं घासत बसली होती.

ताईला हे ठाऊक होतं, कारण दिवेआगरच्या एका खानावळीत तिने तो सीझन तसाच मोरीवर काढला होता. तिची मजुरीही अजून मालकाकडेच अडकलेली होती.

राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांची नावं घेऊन लिहिलं आहे की तिथे जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. हे पुढचं दार आपण लढून उघडलं. पण हॉटेलला मागचंही दार असतं. त्या दारातून पहाटे आत जाणारे आणि रात्री अकराला बाहेर पडणारे लोक कोण आहेत, त्यांना काय मिळतं, किती अडकतं, हा हिशेब चळवळीने कधी मांडला का? आमच्या तालुक्यात तरी नाही मांडला. हा लेख त्या चुकीची कबुलीही आहे.

दिवेआगरचा सीझन

दिवेआगर पर्यटकांना माहीत आहे ते किनाऱ्यासाठी, सुवर्ण गणेशासाठी, उकडीच्या मोदकांसाठी आणि 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' या पाट्यांसाठी. पूर्वी आसपासच्या वाड्यांमधली माणसं नारळी-सुपारीच्या बागांत मजुरीला जात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न यायला वर्षं जातात. तोवर पोटाला काय, म्हणून कितीतरी बायका खोल्या झाडायला, मासळी साफ करायला, भांडी घासायला लागल्या. पोरं वाढपी झाली.

हे काम सीझनचं. नाताळ ते नवीन वर्ष, मे महिना, जोडून आलेल्या सुट्ट्या. त्या दिवसांत उसंत नसते आणि पावसाळ्यात गावात कुत्रं फिरकत नाही. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. "उद्यापासून ये" एवढाच करार.

आमच्या ताईचा करार रोज ३५० रुपयांचा होता. डिसेंबर-जानेवारी मिळून तिचे ४७ दिवस भरले. म्हणजे १६,४५० रुपये. मध्ये एकदा मुलीच्या औषधपाण्याला म्हणून तिने ५,००० उचलले. उरले ११,४५०. मालकाने हिशेब केला तो असा: फुटलेले ग्लास आणि डिश यांचे १,२०० वजा. दुपारच्या जेवणाचे रोज ५० प्रमाणे २,३५० वजा. तीन दिवस न सांगता खाडा केला म्हणून दंडाचे तीन रोज, १,०५० वजा. राहिले ६,८५०. "ते शिमग्याला घेऊन जा." शिमगा झाला. "आता मे महिन्यात कामाला येशीलच की, तेव्हा एकदम देतो."

गल्ल्याशेजारी एक डबा होता, त्यावर 'कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं. त्याच्या बाजूला टिपसाठी क्यूआर कोड. डबा संध्याकाळी मालक उघडायचा आणि क्यूआर कोड मालकाच्या खात्याचा होता. त्यातून वाढणाऱ्या दोन पोरांना शनिवार-रविवारी शंभर-शंभर मिळायचे. मोरीवरच्या बायकांना एकदाच मिळाले, ३१ डिसेंबरला. पैसे नव्हे, उरलेला केक.

मासळीवालीला रोख, कामगाराला उधार

मजुरी का अडवली असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "छोटा धंदा आहे, सीझनवर चालतो, कुठून आणणार?" आम्ही हे उत्तर झटकून टाकत नाही. दिवेआगरातले बहुतेक खानावळवाले काही भांडवलदार नाहीत, कर्जावर खोल्या बांधलेले लोक आहेत. पण पैसा कुठल्या क्रमाने जातो ते बघा. सकाळी दारात आलेल्या मासळीवालीला रोख द्यावे लागतात, नाहीतर ती उद्या टोपली दुसऱ्या दारात उतरवते. गॅसवाला रोख घेतो. बँकेचा हप्ता तारखेला कापला जातो. पर्यटकांकडून तर खोलीचे पैसे ते येण्याआधीच ॲडव्हान्स घेतले जातात. या साखळीत उधारीवर फक्त एकच माणूस असतो, काम करून मोकळा झालेला. म्हणजे गावातली सगळ्यात गरीब बाई खानावळवाल्याची बिनव्याजी सावकार होते. तिला विचारलेलं नाही, चिठ्ठी लिहून दिलेली नाही, आणि परतफेड मागितली की तीच भांडखोर ठरते.

हे तिच्याच बाबतीत का चालतं? कारण मासळीवालीला दुसरं दार आहे, हिला नाही. आणि दुसरं कारण जुनं आहे. काम आधी, मोबदला मालकाच्या मर्जीने आणि सवडीने, ही पद्धत आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. महारकीत वर्षभर गाव राखायचं, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं आणि मोबदला काय, तर खळ्यावर पाटील देईल ते बलुतं आणि दारात मागितलेली भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते याच व्यवस्थेवर घाव घालायला. भाकर मागून मिळते, मजुरी हक्काने मिळते. या दोन गोष्टींतलं अंतर म्हणजे गुलामी आणि नागरिकत्व यांतलं अंतर. शिमग्याचा वायदा ऐकताना आम्हाला खळ्यावरचं बलुतं आठवतं ते उगाच नाही.

कायदा काय म्हणतो

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली. १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा तिच्यात विलीन झाले. नव्या कामगार संहितांवर चळवळीचे आक्षेप आहेत, आमचेही आहेत. तपासणी करणारा सरकारी निरीक्षक आता 'फॅसिलिटेटर' म्हणजे मालकाला सोय करून देणाराही झाला आहे, आणि पहिल्या चुकीला खटल्याआधी सुधारण्याची संधी मालकाला मिळते. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात नोंदणीसाठी दहा कामगारांची मर्यादा होती, ती २०२५ मध्ये वीसवर नेली. आमच्या किनाऱ्यावर वीस कामगारांची खानावळ शोधून काढावी लागेल. पण वेतन संहितेला अशी मर्यादा नाही. दोन कामगार असले तरी ती लागू आहे. म्हणून जे हत्यार हातात आहे ते आधी ओळखू या.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. कामावरून काढलं किंवा कामगाराने काम सोडलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता करायचा असतो. 'शिमग्याला' ही तारीख कायद्याच्या पंचांगात नाही.

कपात वाटेल तशी करता येत नाही. खाडा झाला तर तेवढ्याच दिवसाची मजुरी जाईल, वर दंडाचा रोज कापता येणार नाही. दंड करायचा तर कुठल्या चुकीला दंड हे आधी जाहीर हवं, कामगाराचं म्हणणं ऐकायला हवं आणि दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. ३५० रुपये रोजाने २६ दिवस भरले तर ९,१०० होतात. त्याचे तीन टक्के २७३. आमच्या ताईला १,०५० लावले होते, तेही कुठे काही लिहिलेलं नसताना. फुटलेल्या ग्लासांची भरपाई घ्यायची तर ते तिच्याच निष्काळजीपणाने फुटले हे दाखवावं लागतं आणि तिला बाजू मांडू द्यावी लागते. गिऱ्हाइकाच्या हातून फुटलेला ग्लास मोरीवरच्या बाईच्या नावावर टाकता येत नाही. सरकारने मान्य केलेल्या सोयीसुविधांचेच पैसे कापता येतात. कामावर घेताना ज्या जेवणाचा उच्चारही नव्हता ते हिशेबाच्या दिवशी अचानक ५० रुपयांचं होऊ शकत नाही.

ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम करून घेतलं तर त्या तासांचा मोबदला दुप्पट दराने. हॉटेल-उपाहारगृहातल्या कामाला किमान वेतनाचे दर महाराष्ट्रात ठरवून दिलेले आहेत आणि विशेष भत्त्यामुळे ते जानेवारी आणि जुलैत बदलतात. ठरलेला रोज त्याच्या खाली असेल तर "तिनेच कबूल केलं होतं" या वाक्याला शून्य किंमत आहे. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठी राबणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीच घटनेच्या कलम २३ खालची वेठ. वेठ म्हणजे पाठीवर चाबूक असायलाच हवा असं नाही, भूक पुरते.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आम्हालाही यंदाच कळली. मजुरी दिली नाही किंवा बेकायदा कापली असा दावा केला तर मजुरी दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. "तुझ्याकडे काय पुरावा?" हे विचारून आजवर आपल्या माणसांना दारातून हाकललं गेलं. आता तो प्रश्न उलटा फिरवता येतो. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. दावा कामगार स्वतः करू शकतो किंवा त्याच्यासाठी नोंदणीकृत कामगार संघटना. दावा ऐकणारा अधिकारी मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो.

"आमचं घरगुती आहे, धंदा नाही" असं कुणी म्हणेल. पाटीवर दर लिहून, पाहुण्यांकडून पैसे घेऊन खोली आणि ताट विकलं जातं तिथे धंदाच चालतो. घरगुती फक्त चव असते.

टिप कुणाची?

मजुरीचं उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. टिपचं अर्धंच आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं.

१९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगार संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टिप गिऱ्हाईक देतो, मालक नाही. कामगारांना टिप मिळते म्हणून मालकाला आपल्या जबाबदारीतून सूट मिळत नाही. म्हणजे "पगार कमी आहे, पण टिप सुटते ना" हे बोलणं बाद. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या आयकराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाने कार्डावरून दिलेली टिप मालकाच्या खात्यात येते तेव्हा मालक तिचा धनी नसतो, विश्वस्त असतो. कामगारांचा पैसा त्याच्याकडे फक्त ठेवलेला असतो. क्यूआर कोडला हेच तर्कशास्त्र लागू पडतं असं आमचं म्हणणं आहे. ठेव खाणाऱ्या विश्वस्ताला मराठीत काय म्हणतात ते वाचकांना माहीत आहे.

पण त्याच निकालात हेही आहे की टिप हा पगार नाही, आणि पगारासारखी ती मालकाकडून मागण्याचा पक्का हक्क कामगाराला नाही. मजुरी अडवली तर दाद मागायची जागा आहे. डब्यातल्या नोटा गिळल्या तर तशी सोपी जागा नाही. ब्रिटनने हा प्रश्न कायद्याने सोडवला: १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे टिप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णपणे कामगारांना द्यावा लागतो आणि वाटप न्याय्य असावं लागतं. आपल्याकडे भांडण चाललंय ते गिऱ्हाइकाच्या बाजूने. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सक्तीचा सर्व्हिस चार्ज बेकायदा ठरवला आणि त्यावर हॉटेलमालक संघटनांनी अपील केलं. तो पैसा कामगारांसाठी असतो असा मालकांचा युक्तिवाद. कामगारांची एवढी काळजी असेल तर तो पैसा पगारात घाला आणि चिठ्ठीवर दाखवा, कोण अडवतंय?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला टिपमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. टिप समोर दिसणाऱ्या माणसाला मिळते. आणि समोर कोण दिसणार हे आपल्या समाजात फक्त कौशल्यावर ठरत नाही. काही घरांत स्वयंपाकघराचा उंबरा आमच्या बायकांना आजही ओलांडू देत नाहीत. मोदक वळणारी वेगळी, ताट वाढणारा वेगळा आणि मागच्या अंगणात खरकटं उचलणारी वेगळी. आडनाव विचारलं जातं आणि काम आपोआप वाटलं जातं. मग पर्यटक खूश होऊन नोट ठेवतो ती वाढणाऱ्याच्या हातात किंवा मालकाच्या डब्यात, आणि ज्या हातांनी ताट स्वच्छ झालं ते हात त्याला माहीतही नसतात.

हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगारांची एकजूट हवी, पण तिच्या पोटातली उतरंड झाकून नको. टिपचंही तेच. वाटा मागायचा तर मोरीपासून गल्ल्यापर्यंत सगळ्यांचा मागायचा.

टिपवर माणूस जगवणं ही गुलामीची शेपटी आहे हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी आपल्या आधी सांगितलं. तिथे गुलामी संपल्यावर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयान डब्यांत मुक्त झालेल्या गुलामांना हमाल-सेवक म्हणून घेतलं. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर. प्रवासी त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारत नसत. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन, म्हणून सगळ्यांना 'जॉर्ज'. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन उभारली आणि बारा वर्षं झगडून १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली. त्यांनी जास्त टिप मागितली नाही. त्यांनी जगण्यापुरता पगार, माणसासारखे तास आणि स्वतःचं नाव मागितलं. आमचीही मागणी त्याच क्रमाने आहे: आधी मजुरी पूर्ण आणि वेळेवर, मग टिपचा हिशेब उघड.

आपला माणूस

आता जे लिहायचं आहे ते अवघड आहे.

ताईचे पैसे अडवणारा खानावळवाला परका नव्हता. आपल्याच समाजाचा तरुण. खानावळ भाड्याने चालवायला घेतलेली, गल्ल्यामागे भगवान बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. आपला पोरगा दिवेआगरसारख्या ठिकाणी गल्ल्यावर बसतो याचा आम्हाला अभिमान होता, आजही आहे. जयंतीच्या वर्गणीत त्याचं नाव वरच्या ओळीत असायचं.

महाडहून परतल्यावर ताईने विषय काढला. विहारात बैठक बसली. बोलणी अशी झाली: "समाजाचा एक माणूस उभा राहतोय, त्याचे पाय कशाला ओढता?" "बाहेरच्यांना हसायला मिळेल." "जयंती तोंडावर आलीय, जयंती होऊन जाऊ दे." आम्ही गप्प बसलो. जयंती झाली, मिरवणूक निघाली, वर्गणी जमा झाली. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून ज्यांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला, ज्यांनी १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक आणलं, त्यांच्या जयंतीच्या मांडवाला एका बाईच्या अडवलेल्या मजुरीचा पैसा लागला असेल का, हा विचार त्या रात्री आमच्या मनात आला आणि आम्ही तो बाजूला सारला. ही आमची चूक. ती मालकाच्या चुकीपेक्षा लहान नाही.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपल्याला पहिला शत्रू पाठ आहे. दुसरा आपल्या आडनावात आला की ओळखू येत नाही. जातीविरुद्ध लढणारा माणूस मालक झाला म्हणून मजुराचा शत्रूच होतो असं नाही. पण गल्ल्यामागचा फोटो काही हजेरीपट ठेवत नाही, पगारही वाटत नाही. ती कामं माणसानेच करायची असतात.

जयंतीनंतर आम्ही पत्र दिलं. ताईच्या मुलीने शाळेच्या वहीत मागच्या पानावर आईचे कामाचे दिवस टिकल्या मारून ठेवले होते. त्यांची प्रत जोडली. कपातीचा एकेक आकडा कायद्यासमोर मांडला आणि शेवटी लिहिलं की मजुरी दिली हे आता तुम्हीच सिद्ध करायचं आहे. तो पहिल्यांदा चिडला, मग भेटायला आला. म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी जिथे वाढपी होतो तिथे असंच कापायचे." आम्हाला ते खरं वाटलं. त्याने ११,४५० रुपये तीन हप्त्यांत पूर्ण दिले.

टिपचे मात्र शून्य. किती जमले याची नोंदच नव्हती.

आणि विजयाची गोष्ट इथे संपवता येत नाही. मे महिन्याच्या गर्दीत किनाऱ्यावरच्या एकाही खानावळीने ताईला बोलावलं नाही. "ती कागद करते" एवढं नाव पुरलं. एकटी बाई हक्क मागते तेव्हा तिला पैसे मिळतात आणि काम जातं. म्हणून हा प्रश्न वकिलाचा कमी आणि संघटनेचा जास्त आहे.

काय करायचं

आम्ही वाडीत सुरू केलेल्या चार गोष्टी इथे देतो. तुमच्या गावात आणखी चांगल्या सुचतील.

१. प्रत्येक कामगाराच्या घरात एक वही. तारीख, आलो किती वाजता, गेलो किती वाजता, उचल किती. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर लिहील. फोन असेल तर रोज एक मेसेज मालकाला: "आज काम केलं, अमुक वेळ." मालकाने नुसतं 'हो' लिहिलं तरी तो पुरावा.

२. कामाला लागतानाच तीन प्रश्न दोन साक्षीदारांसमोर: रोज किती, पगार कुठल्या तारखेला, टिपचा डबा कोण उघडणार आणि कुणासमोर. टिपचा कायदा अर्धा असल्यामुळे ठरलेल्या शब्दाला जास्त मोल आहे. डबा आठवड्याला सगळ्यांसमोर उघडावा, आकडा भिंतीवर लिहावा आणि वाटा मोरीवरच्यांनाही समान मिळावा.

३. तक्रार एकट्याने नाही. पाच खानावळींतल्या वीस बायका एकत्र अर्ज करतात तेव्हा 'कागद करणारी' असं एकीचंच नाव उरत नाही. अर्ज जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. दिवेआगरहून त्यासाठी दिवस मोडतो, म्हणून एका माणसाच्या एसटी भाड्याचा खर्च वर्गणीतून करायचा ठराव आम्ही केला. वकिलाची गरज लागली तर अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. ही मदत कातकरी वाडीतल्या भावाबहिणींनाही आहे. त्यांना सोबत घेतल्याशिवाय हे काम पूर्ण होत नाही. उत्तरेकडून किंवा नेपाळातून आलेला वाढपीही मजूरच आहे, तो परप्रांतीय म्हणून त्याची मजुरी अडवणं कमी गुन्हा होत नाही.

४. जयंतीच्या वर्गणीची यादी लावण्याआधी एक प्रश्न. जो धंदेवाला वर्गणी देतो त्याच्याकडच्या कामगारांचे पगार चुकते आहेत का? नसतील तर वर्गणी परत, आधी पगार. आम्ही हा ठराव घेतला तेव्हा दोन वर्गणीदार नाराज झाले. त्या खानावळवाल्या तरुणाने मात्र हात वर केला.

पर्यटक म्हणून, सहलीला गेलेले कार्यकर्ते म्हणून आपणही एक गोष्ट करू शकतो. नोट ठेवताना मोठ्याने विचारायचं: "ही आतल्यांना मिळते का?" मोरीपर्यंत जाऊन हातात द्यायची. आणि बिल देताना गल्ल्यावर विचारायचं की कामगारांचा पगार किती तारखेला होतो. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मालक विसरत नाही.

चवदार तळ्यावर आपले लोक पाणी मिळत नव्हतं म्हणून फक्त गेले नव्हते. तळं सार्वजनिक आहे आणि त्यावर आपलाही हक्क आहे हे सांगायला गेले होते. गल्ल्यात अडकलेली मजुरी तशीच आहे. ती कुणाची मेहेरबानी नाही, उधारी नाही, शिमग्याची पोस्त तर नाहीच. ती त्या बाईने आधीच कमावलेली आहे. ती फक्त तिच्या हातात पोचायची राहिली आहे, आणि पोचवणं हे चळवळीचं काम आहे.

जयभीम!